विहिरीकाठचे तीस गुंठे आणि पाचगणीची शाळा

मावशी, नमस्कार.

आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मिस्टरांचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे, शिवाय घरची अडीच एकर शेती. एकुलता एक मुलगा चौथीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. हुशार आहे, बाई कौतुक करतात. दिवाळीनंतर मिस्टर पुण्याला डीलर लोकांच्या मीटिंगला गेले होते. मोठं हॉटेल, सगळे इंग्रजीत बोलत होते. जेवताना कुणीतरी यांना काही विचारलं. यांना समजलं, पण उत्तर देता आलं नाही. तिथून आल्यापासून एकच धरून बसलेत : पोराला पाचगणीच्या मोठ्या शाळेत, हॉस्टेलला घालायचं. सगळं धरून वर्षाला साडेसहा लाख. त्यासाठी विहिरीकाठचे तीस गुंठे विकायला काढलेत. मी पाटल्या देते म्हटलं, तर म्हणाले त्यात एक वर्षही निघणार नाही. सासरे म्हणतात, माशेलकर पालिकेच्या शाळेत शिकून एवढे मोठे झाले, शाळेनं काय होतंय? मिस्टर म्हणतात, तिथं मोठ्या लोकांची पोरं असतात, ती ओळख जन्मभर कामाला येते. मला दोघांचं पटतं आणि दोघांचंही पटत नाही. मी आडवी आले आणि उद्या पोरगं मागं राहिलं तर खापर माझ्यावर फुटेल. पोराला कुणी काही विचारलेलं नाही. तो मला एकदाच म्हणाला, "आई, तिथं रात्री लाईट बंद करतात का?"

एक आई, कराड तालुका

----

अगं, आधी सरळ सांगते. ते तीस गुंठे विकू नका.

आता का ते सांगते. पण तुझ्या मिस्टरांचं जिथं खरं आहे तिथं ते खरं आहे, हेही सांगणार आहे, कारण पत्र वाचताना मला त्यांचा राग आला नाही. भरल्या ताटासमोर मान खाली घालून बसायची वेळ आलेला माणूस मी ओळखते. माझे वडीलही तसेच बसलेले मी पाहिलेत, बँकेत, मॅनेजरसमोर.

ओळखीचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. इंग्लंडमधलंच बघ. तिथं खासगी शाळेत शिकलेले लोक शंभरात सातच. पण २०१९ सालच्या एका अहवालात वरिष्ठ न्यायाधीशांची मोजदाद केली, तर शंभरातले पासष्ट जण अशाच शाळांतून आलेले निघाले. आपल्याकडं फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा 'शाळेनं काय होतंय' हे मामांचं, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं, म्हणणं काही मला पटत नाही.

पण त्या पासष्टांतले बहुतेक कुठल्या घरचे असतील, याचा विचार कर. ज्यांच्या घरी आधीच वकील होते, पैसा होता, जेवणाच्या टेबलावर तीच भाषा होती, त्यांची ही पोरं. शाळेनं त्यांना घडवलं, की घडलेल्या घरातलीच पोरं शाळेनं घेतली? हे कोडं सोडवायचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत झाला. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या काही नामांकित सरकारी शाळा आहेत. एक-दोन गुणांनी आत गेलेली मुलं आणि एक-दोन गुणांनी बाहेर राहिलेली मुलं, म्हणजे कुवतीनं सारखीच, यांची अर्थशास्त्रज्ञांनी पुढं तुलना केली. २०१४ मध्ये ती छापून आली. पुढच्या परीक्षांत दोन्हीकडच्या मुलांच्या गुणांत जवळजवळ काही फरक नव्हता. त्या शाळा फीच्या नाहीत, हे मान्य. पण 'मोठ्या शाळेत गेला म्हणून हुशार झाला' या समजुतीतली बरीच हवा त्यानं निघून जाते. हुशार मूल जिथं नीट शिकवतात तिथं शिकतं.

राहिली ओळख. ती कशी होते ते मी जवळून पाहिलंय.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला शिकवलं. एका जूनमध्ये आठवीत एक मुलगा आला, एका महागड्या हॉस्टेलच्या शाळेतून काढून आणलेला. वडिलांचं कर्ज फिटेना म्हणून. पहिला आठवडाभर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं डब्यांवर तुटून पडली, तरी हा डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसायचा. कुणीतरी 'खा' म्हणायची वाट बघत. मी म्हटलं, "खा रे," की उघडायचा. हळूहळू बोलायला लागला. एकदा म्हणाला, "मॅडम, तिथं सुट्टी संपून आलं की पहिल्या दिवशी सगळे विचारतात, कुठं गेला होता." हा गेला होता मामाच्या गावी, गुऱ्हाळावर. गरम काकवी खाऊन जीभ पोळली होती, मामेभावांबरोबर कॅनॉलमध्ये पोहला होता. मला ते सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. पण तिथं त्यानं सांगितलं, दुबई. मग दुबईत काय बघितलं, कुठल्या हॉटेलात उतरला, कुठलं विमान. एका खोट्यासाठी दहा खोटी. त्यानंतर वडील भेटायला येणार म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. वडिलांनी गुऱ्हाळाचं नाव काढलं तर? ते पोरांशी बोलायला लागले तर?

मोठ्या लोकांच्या पोरांशी त्याची ओळख झालीच होती की. त्या ओळखीत त्याचे वडील मात्र कुठं बसत नव्हते. त्या माणसानं काय काय गहाण टाकलं होतं ते मला पुढं कळलं, आणि त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. म्हणून म्हणते, आपल्या ऐपतीच्या थोड्या वरच्या शाळेत मूल निभावून नेतं. दहा पायऱ्या वरच्या शाळेत नेऊन सोडलं, तर अभ्यासापेक्षा जास्त ताकद लपवण्यात जाते. सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. हॉस्टेलला राहून फुललेल्या मुली माझ्या वर्गातून गेल्यात, अजून पेढे घेऊन येतात. पण त्यांना कधी दुबई सांगावी लागली नव्हती.

मामांच्या माशेलकरांकडं येते. डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकले, आईनं शिवणकाम करून वाढवलं, हे खरं. युनियन हायस्कूलच्या भावे सरांनी भिंगानं ऊन एका जागी आणून कागद जाळून दाखवला, ती गोष्ट तर ते स्वतः किती वर्षं सांगत आलेत. मीही दर वर्षी वर्गात सांगायची. पण त्या उन्हात भावे सरांभोवती उभी असलेली बाकीची पोरं कुठं गेली, हे आपल्याला ठाऊक नाही. एका माशेलकरांवरून एवढंच कळतं की दार बंद नाही. तू मामांना 'तुमचं बरोबर' म्हणून गप्प बसलीस, तर तुझ्या पोराचे भावे सर शोधायचं काम राहून जाईल. आणि ते काम मोठं आहे. पाचवीला कुठल्या हायस्कूलला घालायचं ते इमारत बघून ठरवू नका. गणित कोण शिकवतं, ते सर किती वर्षं तिथं टिकलेत, प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप वर्षातून कितीदा उघडतं, हे सातवी-आठवीच्या पोरांना विचारा. पोरं खरं सांगतात.

आता पैसे. हिशोब मी कागदावर मांडला, तूही मांड. वर्षाला साडेसहा लाख, पाचवी ते दहावी सहा वर्षं, म्हणजे एकोणचाळीस लाख. फी दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढली तर हाच आकडा पन्नास लाखांवर जातो. सहली, गणवेश, येणं-जाणं यात धरलेलंच नाही. आणि हे सगळं संपतं कधी? दहावीला. पोराचा खरा खर्च तर तिथून पुढं सुरू होतो. अकरावी-बारावी, मग इंजिनिअरिंग म्हणा, मेडिकल म्हणा, बाहेरगावी राहणं म्हणा. सोळाव्या वर्षी त्याला स्वतःला काय हवंय ते कळायला लागेल, आणि तेव्हा घरात देण्यासारखं काही उरलेलं नसेल.

त्यातून तुकडा कुठला, तर विहिरीकाठचा. शेती तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. विहीर गेली की उरलेल्या पावणेदोन एकराचं काय होईल? आज ऊस आहे तिथं उद्या पावसाची वाट बघायची. तीस गुंठे नाही, सगळी अडीच एकर विकताय तुम्ही. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल आणि तुला नणंद असेल, तर २००५ च्या दुरुस्तीपासून तिचाही त्यात मुलाइतकाच हक्क आहे. तिला विचारल्याशिवाय हा विषय पुढं न्यायचाच नाही.

तू पाटल्यांचं लिहिलंस तिथं मी थांबले. तुमच्या तालुक्यातलं काले तुला माहीत असेलच. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढं वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. तुझ्या भागात आज ज्या शाळा आहेत, त्यातल्या कितीतरी अशा सोन्यावर उभ्या राहिल्यात. तुझ्या पाटल्या तुझ्या हातात राहू देत. पोरगा बारावी झाला की बघू.

मिस्टर अगदीच अडून बसले, तर त्यांना नुसतं 'नाही' म्हणू नकोस, एक वर्ष माग. पोरगा चौथीत आहे. पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते, प्रवेश सहावीला. सातारा जिल्ह्याचं नवोदय आहे. राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत, आणि निदान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांना. साताऱ्याचं सैनिक स्कूलही आहे, १९६१ मधलं, देशातलं पहिलं. तिथंही सहावीला परीक्षेनं प्रवेश. फी आहे, पण शिष्यवृत्त्याही आहेत. दोन्ही ठिकाणी पोराला हॉस्टेलच, म्हणून तेही त्याच्याशी बोलूनच. पण तिथं शेजारच्या कॉटवर दुसऱ्या शेतकऱ्याचा पोरगा असेल. आणि दोन्ही नाहीच मिळालं, तर कराडात सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून, आणि संध्याकाळी पोरगा घरी.

इंग्रजी मात्र हवं. इथं मी पूर्ण तुझ्या मिस्टरांच्या बाजूची. २००५ च्या देशभरातल्या एका मोठ्या पाहणीवरून अभ्यासकांनी हिशोब काढला होता : शिक्षण वगैरे सारखं धरूनही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होती. हा फरक मोठा आहे. पण पोराला इंग्रजी यावं म्हणून विहीर विकायची गरज नाही. दुकानात ठिबकची माहितीपत्रकं येतात ना, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी? रात्री जेवणं झाली की बापलेकांनी अर्धा तास ती घेऊन बसावं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं सांगायचं. मिस्टरांना फिल्टर म्हणजे काय, प्रेशर किती हवं, ड्रिपर का तुंबतो, हे सगळं येतंच. फक्त ते इंग्रजीत तोंडातून बाहेर पडायला हवं. पुढच्या दिवाळीनंतर पुण्यात पुन्हा मीटिंग असेलच. त्या टेबलावर त्यांनी एक वाक्य जरी बोललं, तरी त्यांच्या मनातलं निम्मं ओझं उतरेल. हे ओझं त्यांचं आहे गं, दहा वर्षांच्या पोरानं का वाहायचं? त्यांच्याशी हे बोल, पण सासऱ्यांसमोर नको. दोघंच असताना. "त्या दिवशी तुम्हाला काय विचारलं होतं?" इथून सुरुवात कर. घरात कुणीच त्यांना ते विचारलं नसेल.

खापराचं म्हणशील, तर ते एकटीच्या डोक्यावर घेऊच नकोस. तुम्ही दोघं आणि मामा, तिघांनी बसून ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि तिघांनी सही करायची. हसू नकोस, मी माझ्या घरात हे केलंय.

आणि पोराच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय. आज रात्री त्याच्याशेजारी आडवी हो. लाईट बंद कर आणि विचार, बंद केल्यावर काय वाटतं रे? तो सांगेल ते ऐक, मधे बोलू नकोस, पाचगणीचं नावही काढू नकोस. काय म्हणाला ते मला लिही.

तुझी मावशी