रक्तवाहिन्यांचा जुनाट दाह असलेल्या माझ्या आईला विषाणूच्या साथीत अधिक धोका असतो का? तिची औषधे थांबवावीत का?

आपण आईविषयी विचारले आहे. धोका वाढतो, मात्र तो व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) या नावापेक्षा वय, मूत्रपिंडांची व फुप्फुसांची स्थिती, दाह किती भडकलेला आहे आणि औषध किती मात्रेत चालू आहे, यांवर अधिक ठरतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते मी स्वतःच्या देहावर शिकले आहे.

मला ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे महाधमनी व तिच्या शाखांचा दाह आहे. महाधमनीच्या शाखा अरुंद झाल्यामुळे माझ्या डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मी रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड घेत होते. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात थोरल्या दिरांचा शब्द चालतो; स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती मरते, साथ असेपर्यंत गोळी बंद ठेवावी, असे त्यांनी ठरवले आणि डॉक्टरांना एक फोन करण्याचेही धैर्य मी दाखवले नाही. सहाव्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना, पोटात अन्न ठरेना. वर्षानुवर्षे स्टेरॉईड घेणाऱ्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक पुरेसे बनवीत नाहीत, त्यामुळे गोळी एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. पुढे विळीवर नारळ खवताना डावा हात दोन मिनिटांत भरून येऊ लागला. रक्तातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी दोन्ही चढले होते. मात्रा ४० मिलिग्रॅमवर न्यावी लागली. रोज १० किंवा त्याहून अधिक मिलिग्रॅम घेणाऱ्या, संधिवात व त्या गटातल्या आजारांच्या रुग्णांना कोविडमध्ये रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण अधिक होते, हे त्याच वर्षी पुढे आले. म्हणजे ज्या भीतीने १० मिलिग्रॅम सोडले, तीच भीती ४० मिलिग्रॅममुळे कितीतरी वाढली.

मे २०२१ मध्ये मला कोविड झालाच. तपासायला आलेल्या मुलीने ऑक्सिमीटर डाव्या बोटाला लावला, आकडा स्थिर होईना आणि घरात रडारड सुरू झाली. मी उजवे बोट पुढे केले. तेथे ९७ आले. आईच्या हाताची नाडी क्षीण असेल, तर रक्तदाब व ऑक्सिजन कोणत्या हाताला मोजावा, हे ठळक लिहून घरात लावून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझे ‘नाही’ संसर्ग होण्याआधीच्या काळासाठी आहे. प्रत्यक्ष संसर्गात मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे काही दिवस थांबवायला डॉक्टर सांगू शकतात; स्टेरॉईड मात्र एकदम तोडत नाहीत. आईला रिटक्सिमॅब (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी कमी करणारे औषध) दिले असेल, तर लसीची वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, कारण त्यानंतर अनेक महिने लशीने प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत.

टाळेबंदीतला तो अशक्तपणा चैत्रातल्या उपवासांमुळे आला होता, असे थोरले दीर आजही चारचौघांत सांगतात. त्या चैत्रात मी एकही उपवास धरला नव्हता.