‘मशीन फक्त दोनच टनांचं आहे, मॅडम’

भाड्याच्या गाळ्यात जड यंत्र बसवण्याबद्दलची पत्रं एकाच साच्याची असतात. टोकन दिलेलं असतं, करारावर सही झालेली असते, मशीन ट्रकवर चढलेलं असतं आणि मग विचारणा होते, ‘स्लॅब घेईल ना?’ पुन्हा तीच पत्रं आलीत, म्हणून पुन्हा तीच उत्तरं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, वकील नाही. कराराबद्दल जे लिहिते ते सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर ६०० चौरस फुटांची जागा छपाईसाठी भाड्याने घेतोय. ऑफसेट मशीन दोन टनांचं आहे. विक्रेता म्हणतो, दुकानाचा स्लॅब चौरस मीटरला ४०० किलो घेतो, म्हणजे एकूण २२ टन. त्यात दोन टन किस झाड की पत्ती. बरोबर ना? (पुणे)

गुणाकार बरोबर, निष्कर्ष चूक. ४०० किलो हा आकडा आयएस ८७५ च्या (इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानकाच्या) दुसऱ्या भागातला, दुकानांसाठीचा. भार सगळीकडे सारखा पसरलाय असं धरून तो दिलेला आहे. स्लॅबची ताकद म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे, की एकाच खिडकीवर जाऊन सगळी काढून घेतली. तुमचं मशीन तीन चौरस मीटर जागा व्यापत असेल, तर तिथे चौरस मीटरला साडेसहाशे किलोंच्या वर भार आला. तोही पसरून नाही, चार पायांवर. तळहाताएवढ्या एकेका जागेवर पाचशे किलो. पाय बीमवर आले तर गोष्ट वेगळी, दोन बीमच्या मधोमध आले तर वेगळी. यंत्रं चालणाऱ्या जागेसाठी हेच मानक हलक्या कामाला ५००, मध्यम कामाला ७०० आणि जड कामाला १००० किलो धरायला सांगतं. आणि इमारत मुळात राहण्यासाठी बांधलेली असेल (पेठेत पहिल्या मजल्यावर बहुधा तसंच असतं), तर तुमचे ४०० सुद्धा गेले. राहत्या घराला २०० च धरतात.

पण मला भीती मशीनची नाही, कागदाची आहे. घनमीटरभर कागद साधारण ८०० किलो भरतो. पाच फूट उंच थप्पी लावली की चौरस मीटरला बाराशे किलो, म्हणजे मशीनच्या जवळजवळ दुप्पट. मशीन एकदाच येतं, त्याची चर्चा होते, नारळ फुटतो. कागद रोज येतो आणि हमाल तो सोयीच्या भिंतीशी लावून मोकळे होतात. दिवाळी अंकांच्या दिवसांत छापखान्यात जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. विक्रेत्याने त्या २२ टनांत कागद धरला होता का? नसणार, त्याला मशीन विकायचंय.

मालकाकडून मूळ आरसीसी ड्रॉइंग मागून घ्या. ड्रॉइंग नसेल तर सळ्यांचं स्कॅनिंग आणि काँक्रीटची चाचणी करून इंजिनिअर ताकद काढू शकतो. खर्च कोणी करायचा ते आधी ठरवा. हे होईपर्यंत डिपॉझिट देऊ नका.

प्रश्न : मशीनखाली रबरी पॅड घातले तर स्लॅबवरचं वजन कमी होतं का? (सांगली)

नाही. आणि संथ फिरणाऱ्या मशीनखाली चुकीचा पॅड बसला तर हादरा वाढूही शकतो.

प्रश्न : आमचं हॉटेल आहे. गच्चीवर ११ टनांचा एसी आणि जनरेटर आहे. शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली म्हणून जागामालक म्हणतात, दोन्ही गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. फॅब्रिकेटर म्हणतो, क्रेन नको, पाइप टाकून चार पोरं ढकलत नेतील. करारात ‘आवाजाचा उपद्रव भाडेकरूने दूर करावा’ असं कलम आहे. करू ना? (वाशी)

पाइपवरून ढकलत तर मुळीच नेऊ नका. आधी एक गैरसमज काढते. एसीचे ११ टन हे वजन नाही, ते थंड करण्याच्या क्षमतेचं माप आहे. वजन नेमप्लेटवर किलोत लिहिलेलं असतं, ते वाचा. जनरेटरचं मात्र खरंखुरं वजन असतं. हॉटेलचा मध्यम जनरेटर कॅनॉपीसह (आवाज अडवणाऱ्या पेटीसह) दीड-दोन टन सहज भरतो.

आता जरा सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न आला की माझी झोप उडते. दक्षिण कोरियात सोल शहरात सामपूंग नावाचं पाचमजली डिपार्टमेंट स्टोअर होतं. त्याच्या गच्चीवर एसीची तीन अवजड यंत्रं होती. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली. म्हणून १९९३ मध्ये ती गच्चीच्या दुसऱ्या बाजूला हलवली. क्रेनने उचलून नव्हे, रोलरवर ठेवून ओढत. स्लॅबला तिथेच तडे गेले. त्या इमारतीत बीम नव्हते, स्लॅब थेट खांबांवर टेकलेला होता, आणि खांबही हवे त्यापेक्षा बारीक ठेवलेले. अशा स्लॅबला खांबाशेजारचा जादा भार सोसत नाही. खांब कागदातून पेन्सिल आरपार जावी तसा वर घुसतो. पुढची दोन वर्षं यंत्रं सुरू झाली की थरथर त्या तड्यांत जात राहिली. २९ जून १९९५ च्या सकाळी वरच्या मजल्यावरचे तडे इतके वाढले की व्यवस्थापनाने तो मजला बंद केला, एसी बंद केले, पण दुकान चालू ठेवलं. संध्याकाळी इमारत कोसळली. ५०२ माणसं गेली. दोष अनेक होते. मूळ आराखडा बदलला होता, पाचवा मजला नंतर चढवला होता. पण त्या यादीत ‘आवाजाची तक्रार आली म्हणून यंत्र सरकवलं’ हेही आहे, आणि तुमच्या पत्रात नेमकं तेच वाक्य आहे.

यंत्र ज्या जागी उभं आहे तिथे कदाचित कोणीतरी कधी हिशेब केला असेल. ते ज्या वाटेने जाणार आणि जिथे जाऊन बसणार, तिथला हिशेब कोणीच केलेला नसतो. वाटेत पाण्याची टाकी असते, गळती थांबवायला घातलेल्या ब्रिकबॅट कोब्याचा (विटांच्या तुकड्यांचा) जाड थर असतो. गच्ची आधीच बरंच ओझं वाहत असते. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आवाज जागेवरच कमी होतो का ते बघा. कंपनीच्या कॅनॉपीसह आलेल्या जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा, असा नियमच आहे. तुमचा जास्त करत असेल तर कॅनॉपीची दारं, सायलेन्सर, सैल झालेले बोल्ट तपासा. एसीच्या पंख्याचे बेअरिंग बघा. तरीही हलवायचंच ठरलं, तर नव्या जागेचा आणि वाटेचा लेखी हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या आणि क्रेनने उचला. क्रेन पोडियमवर, म्हणजे इमारतीभोवतीच्या उंच पार्किंगच्या स्लॅबवर, चढवणार असाल तर तेही आधी विचारा. हायड्रा म्हणतात त्या फिरत्या क्रेनचं स्वतःचं वजन दहा टनांच्या घरात असतं आणि पोडियम गाड्यांच्या पार्किंगसाठी असतो. जागामालकाची सूचना लेखी घ्या. तोंडी ‘तिकडे सरकवा’ म्हणणारा नंतर सापडत नाही.

प्रश्न : करारात ‘जड यंत्रसामग्री ठेवता येणार नाही’ असं आहे. जड म्हणजे किती? (इचलकरंजी)

भांडण होईल त्या दिवशी मालक ठरवेल तितकं. आकडा लिहून घ्या.

प्रश्न : ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर लिव्ह अँड लायसन्सवर जिम चालवतो. खाली दवाखाना, वर घरं. करारात ‘व्यायामशाळा’ हा वापर लिहिलेला आहे. सोसायटीने आवाजावरून नोटीस दिली. भिंतींना फोम लावला, फरक नाही. वापर मान्य असताना नोटीस देता येते का?

येते. वापर मान्य असणं म्हणजे उपद्रवाचा परवाना नव्हे. नोटिशीचं उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या.

फोम विकणाऱ्याने तुम्हाला फसवलं. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जायचा थांबवत नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांनीही हे वाचावं. शिवाय तुमचा आवाज हवेतून जातच नाहीये. डेडलिफ्टचा बार आपटला की तो स्लॅबमधून, खांबांतून, शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. तुमची पहिली बॅच किती वाजता सुरू होते? साडेपाचला असेल, तर ती रात्रीतच मोजली जाते.

आपटायची वजनं त्या मजल्यावरून काढा, निदान सातच्या आधी बंद ठेवा. कोणी ‘वर तरंगता फ्लोअर घालून देतो’ म्हणालं तर थांबा. चार इंच काँक्रीट ओतलं की चौरस मीटरला अडीचशे किलो वाढले. जिमसाठी मानकात ५०० किलो धरतात. तुमच्या स्लॅबला तेवढे तरी आहेत का, हे कोणी पाहिलंय?

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवरचं डेसिबलचं रीडिंग पुरावा म्हणून चालतं का? (नागपूर)

नाही. तपासणी केलेल्या मीटरने मोजून घ्या.

प्रश्न : भोसरीत माझा गाळा आहे. भाडेकरूला सहा टनांचं व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) बसवायचंय. करारात काय घालू?

गाळा तळमजल्यावर आहे का, आणि खाली तळघर किंवा पाण्याची टाकी नाही ना, हे आधी सांगायला हवं होतं. खाली जमीन असेल तर अर्धी काळजी मिटली. कुठल्याही मजल्यावर असेल तर आधी इंजिनिअर, मग करार.

करारात चौरस मीटरला किती किलो चालतील तो आकडा लिहा. मशीन कुठे बसणार त्याचा नकाशा जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. नंतर मशीन हलवायचं तर नवा नकाशा. कच्चा माल कुठे रचायचा तेही त्यात दाखवा. लोखंडाचे बार कागदापेक्षा कितीतरी जड असतात. अँकर बोल्टची भोकं कोणी पाडायची, जाताना फाउंडेशन कोणी फोडायचं, ते लिहा. वरच्या मजल्यांचे स्लॅब पोस्ट-टेन्शनचे असतील, तर ड्रॉइंग न बघता ड्रिल लावायचं नाही, हे ठळक अक्षरात. आत ताणलेल्या केबल असतात. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी तुमची, भाडेकरूची नव्हे. ‘एजंट बघून घेईल’ म्हणू नका.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या वरच्या भाडेकरूने आठ महिन्यांपूर्वी फायलींसाठी रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर बसवले. तेव्हापासून आमच्या छताला तडा दिसतो. आता तो लांबलाय आणि केबिनचं दार अडकतं. तो म्हणतो, प्लास्टरचा तडा आहे. सोसायटी म्हणते, वार्षिक सभेत विषय घेऊ. (नाशिक)

सभेची वाट बघू नका. तडा लांबणं आणि दार अडकणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो प्लास्टरचा प्रश्न धरायचा नाही. कॉम्पॅक्टरची गंमत अशी की मधल्या वाटा नाहीशा होतात, त्यामुळे त्याच जागेत जवळजवळ दुप्पट कपाटं मावतात. जाहिरातीत हाच फायदा सांगतात. मानकात फायलींची वेगळी सोय असलेल्या ऑफिसला २५० किलो धरलेत. ग्रंथालयाच्या रॅकच्या खोलीला ६०० पासून सुरुवात, आणि तीही वाटा सोडून लावलेल्या रॅकसाठी.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावरची राणा प्लाझा ही इमारत २०१३ च्या एप्रिलमध्ये कोसळली, तिथे आदल्या दिवशी तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या शिवणकाम कारखान्यांनी कामगारांना बोलावलं. ११०० वर माणसं मेली.

तुमच्या छताखालची टेबलं आजच रिकामी करा, तिथे कोणी बसायचं नाही. तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख घाला, फोटो काढा. सोसायटीला, जागामालकाला आणि वरच्या भाडेकरूला आजच लेखी कळवा. उद्याच इंजिनिअर बोलवा. प्लास्टर पडू लागलं, करकर आवाज आला, तर सगळे बाहेर पडा आणि महापालिकेला कळवा. वरच्या फायली इंजिनिअर सांगेल त्या क्रमाने उतरवायच्या, आणि तळमजल्यावर न्यायच्या. त्याच मजल्यावरच्या शेजारच्या खोलीत नाही.