मुंबई टाइम का स्टँडर्ड टाइम?

प्रश्न : आमचे आजोबा गिरगावातले. ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी कोणी वेळ सांगितली की आधी विचारायचं, मुंबई टाइम का स्टँडर्ड टाइम? खरं का हे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगदी खरं. सरकारने 1 जानेवारी 1906 ला इंडियन स्टँडर्ड टाइम लावला तो मिर्झापूरजवळच्या 82.5 अंश रेखावृत्तावरचा, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि मुंबई होती 4 तास 51 मिनिटं पुढे. फरक 39 मिनिटांचा! आता गिरणीतल्या माणसाचा विचार करा, घड्याळ पुढे सरकवलं पण सूर्य काय सरकत नाही ना, म्हणजे बिचाऱ्याला रोज पाऊण तास आधी अंधारातच घर सोडायचं, चिडणारच की तो. शिवाय बंगालच्या फाळणीवरून देश आधीच तापलेला, त्यात हे वरून लादलेलं. फिरोजशहा मेहतांसारख्यांनी विरोध केला आणि महापालिकेने सरळ मुंबई टाइमच चालू ठेवला. गंमत म्हणजे रेल्वे आणि सरकारी ऑफिसं स्टँडर्डवर, त्यामुळे एकाच शहरात दोन घड्याळं, आणि हे चाललं थेट 1955 पर्यंत, स्वातंत्र्यानंतरही! (कलकत्त्याने मात्र 1948 मधेच आपला टाइम सोडला.) तुमच्या आजोबांची एखादी गाडी यात नक्की चुकली असणार. तसं सूर्याचं विचाराल तर तो आजही मुंबईत साधारण 12:39 लाच डोक्यावर येतो.

प्रश्न : मी नोकरीसाठी जोरहाटला आहे. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधारून येतं. देशाला दोन टाइम झोन का नाही करत?
– एक वाचक, मूळ सातारा

उत्तर : मागणी जुनीच आहे आणि माझ्या मते चुकीची अजिबात नाही, अरुणाचलच्या टोकाला आणि द्वारकेला सूर्य उगवण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. सरकार कचरतं ते मुख्यतः रेल्वेमुळे, झोनच्या हद्दीवर घड्याळ बदलताना कोणाची चूक झाली तर अपघात व्हायचा ही भीती. पण आसामच्या चहामळ्यांनी परवानगीची वाट बघितली नाही, तिथे इंग्रजांपासून बागान टाइम चालतो, एक तास पुढे, म्हणजे उजेड असेपर्यंत पानं खुडून होतात. मळ्यातल्या कोणाला भेटायचं ठरवलंत तर कुठला टाइम ते आधी विचारा. आजोबांसारखंच!