वेळापत्रक मागू नकोस, ताट घेऊन खाली बस

पत्र : मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव मालवणजवळ, कॉलेज कोकणातच, राहते हॉस्टेलला. रोज दहा-बारा तास वाचते, चार रंगांत नोट्स काढते. तरी फिजिऑलॉजीच्या इंटर्नलला नापास झाले आणि अ‍ॅनाटॉमीच्या व्हायवाला तोंडातून शब्द फुटला नाही. झोपायला पहाटेचे तीन होतात, छाती धडधडते, बाथरूममध्ये जाऊन रडते. रूममेट्स मेसमध्ये एकमेकींना प्रश्न विचारत खिदळत जेवतात. मी ताट वर आणते, तेवढ्यात दुप्पट स्पीडवर एक लेक्चर होतं. तरी त्या पास! सेल्फ-स्टडीचं पक्कं वेळापत्रक द्याल का? अजून दोन तास कुठून काढू?

उत्तर : चेडवा, वेळापत्रक मिळणार नाही. आणि दोन तास तर अजिबात नाहीत.

मला ते ताट खुपलं. तू जाता जाता लिहिलंस, वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून, थोडं कौतुकानेच. खाली मुली प्रश्न विचारत जेवतायत आणि तू वर भिंतीकडे तोंड करून, कानात घाईघाईने बोलणारा मास्तर घालून भात गिळतेस. त्यांचा तो टाइमपास आणि तुझा तो अभ्यास, असा तुझा हिशेब. बाई गं, उलटं आहे ते!

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. गंमत म्हणजे आपल्या लक्षात जास्त राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तुझ्या चार रंगांच्या पेनांचं हेच झालंय. पान ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. समोर परीक्षक बसला की पान नसतं.

व्हायवात बोलावं लागतं, आणि तू दिवसभरात बोलतेस कोणाशी? त्या मुली रोज रात्री फुकटात व्हायवा देतात. एकीने विचारायचं, रेडियल नर्व्ह दुखावली तर काय होईल? दुसरीने भाताने माखलेला हात तसाच मनगटातून लोंबता धरायचा, आमटी टपकायची, सगळ्यांनी ओरडायचं. त्यातली एकही ‘रिस्ट ड्रॉप’, म्हणजे हे लोंबतं मनगट, जन्मात विसरणार नाही. तू मात्र तोच शब्द गुलाबी रंगात अधोरेखित करून ठेवला असशील.

सेल्फ-स्टडी म्हणजे कडी लावून बसणं, हे तुला कोणी सांगितलं? 2019 पासूनच्या तुमच्या अभ्यासक्रमात स्वयं-अध्ययनाला वेगळे तास दिलेले आहेत. काय शिकायचं ते आपण ठरवायचं, अडलं की विचारायचं, आलं का ते तपासायचं, असा तो कारभार. विचारायला आणि तपासायला माणूस लागतं.

तू खाली का बसत नाहीस, तेही मला ठाऊक आहे. प्रश्न आला आणि उत्तर नाही आलं तर? बारावीपर्यंत गावात पहिली आलेल्या मुलीला हे जड जातं. पण परीक्षकासमोर गप्प बसण्यापेक्षा आमटीसमोर चुकलेलं काय वाईट? त्याही चुकतात, म्हणूनच तर खिदळतात.

रडण्याचं आणि धडधडीचं मी हसण्यावारी नेत नाही. पंधरा दिवसांत झोप ताळ्यावर आली नाही, तर मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन दाखव. कॉलेजात कोणी बघेल अशी लाज वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको असं वाटलं, तर पंधरा दिवस थांबायचं नाही. त्याच घटकेला रूममेटला उठवायचं आणि तो नंबर लावायचा.

बाकी माझं एकच सांगणं, आजपासून. रात्री मेसची घंटा झाली की फोन खोलीत चार्जिंगला लाव आणि ताट घेऊन त्यांच्यात जाऊन बस. कोणी बोलावण्याची वाट बघू नकोस, सरकायला सांग. पहिला प्रश्न तू विचार, म्हणजे पहिलं उत्तर देण्याची पाळी तुझ्यावर येणार नाही. एवढी सवलत देते, पण फक्त आजच्या रात्रीपुरती.

आणि आई फोनवर ‘जेवलंस काय गो?’ विचारते ना रोज? आज तिला कोणाबरोबर जेवलीस तेही सांग.