गिफ्ट कार्ड विकत घेऊन पुन्हा विकताना धोका कुठे असतो आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

सगळ्यात मोठा धोका म्हणजे कोड विकल्यावरही मूळ मालकाकडे तो राहतोच. आज शिल्लक पूर्ण दिसते आणि तुमचा ग्राहक वापरायला जातो तेव्हा शून्य! दुसरा प्रकार याहून वाईट. चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेलं किंवा कुणाला फसवून उकळलेलं गिफ्ट कार्ड तुमच्या हाती येतं. पुढे कंपनी ते बंद करते आणि चौकशीत तुमचं नाव निघतं. म्हणून मूळ खरेदीची पावती दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून, कितीही स्वस्त मिळालं तरी, घेऊच नका. अनेक कंपन्यांच्या अटींत पुनर्विक्रीला मनाई असते, त्याही आधी वाचा.

नोंद प्रत्येक कार्डाची स्वतंत्र हवी: कुणाकडून घेतलं, तारीख, दर्शनी किंमत, दिलेले पैसे, व्यवहार क्रमांक, कोडचे शेवटचे चार अंक. पूर्ण कोड साध्या एक्सेलमध्ये लिहून ठेवू नका. विकण्याच्या क्षणी शिल्लक आणि वेळ दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. वाद झाला तर तोच कामाला येतो. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने केलेल्या पेमेंटवर ग्राहक बऱ्याचदा १२० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो, तेव्हा विकलं गेलं म्हणून लगेच काही पुसू नका.

हिशेबात फी विसरली जाते. १००० चं कार्ड ९०० ला घेतलं, ९५० ला विकलं, वेबसाइटने २० कापले, तर नफा ३०. करासाठीच्या नोंदी तुमच्याकडच्या नियमांत सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपा.