राहिलेला स्क्रू कुठला?

प्रश्न : मी पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा होतो, आता घरीच असतो. थोरल्या भावाचा याशिका-मॅट १२४ जी हा दोन लेन्सचा (वरची बघायची, खालची फोटोची) रोलचा कॅमेरा कपाटात पडून होता. एक सेकंदावर ठेवून बटण दाबलं की शटर उघडं ते उघडंच राहायचं. व्हिडिओ बघून पुढचा भाग खोलला आणि लूमसाठी आणलेलं स्पिंडल ऑइल दोन थेंब सोडलं. दोन दिवस झकास चालला. आता १/१२५ सेकंदावरसुद्धा अडकतो. परत जोडला तर एक बारीक काळा स्क्रू उरला. रोल टाकून बघितला, तर वरच्या काचेत जे स्पष्ट दिसत होतं ते फोटोत सगळं धूसर. आणून देऊ का घरीच जमेल?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : जॉबरदादा, घरीच जमेल. पण आधी ते तेल काढायचं. धोट्याच्या वाटेवर तेल सांडलं तर कापडाचं काय होतं हे मी तुम्हाला काय सांगणार! शटरची पाती केसापेक्षा पातळ असतात आणि एकमेकांवर कोरडी सरकतात. तेल लागलं की ती ओल्या कागदासारखी चिकटतात. मूळ दुखणं वेगळंच होतं. एक सेकंद, अर्धा सेकंद असे सावकाश वेग घड्याळासारख्या दातेरी चाकांच्या एका छोट्या संचावर चालतात. तिथलं कारखान्यातलं तेल इतक्या वर्षांत गोंदासारखं झालेलं असतं. तुमच्या नव्या तेलानं ते दोन दिवस सैल झालं आणि मग सगळं मिळून पात्यांवर उतरलं.

खालच्या लेन्सचा पुढचा भाग आट्यांवरून फिरवून काढा. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल घ्या, कानातल्या कापसाच्या काडीला जेमतेम ओलं करा, पात्यांवरून फिरवा, शटर सोडा, परत पुसा. काडी पांढरी निघेपर्यंत हेच. माझा अनुभव विचाराल तर दहा-बारा काड्या जातात. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातला दिवा आधी शांत करा, थट्टा नाही. पाती वाळल्यावरही लेन्स तासभर लावू नका, नाहीतर वाफ काचेवर बसते. चाकांच्या आसांना तेल द्यायचंच असेल तर घड्याळवाल्याकडचं, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. एक सेकंद बरोबर आहे का हे बघायला फोनवर आवाज रेकॉर्ड करा. दोन ‘टक्’मधलं अंतर पडद्यावर दिसतं.

आता धूसर फोटो. माझा पहिला संशय तुम्ही परत बसवलेल्या त्या लेन्सवर आहे. आटे बारीक असतात, एक जरी तिरका चढला तरी लेन्स अर्धीच बसते आणि आपल्याला वाटतं घट्ट झाली. बसवताना आधी उलटी फिरवा, अगदी हलक्या हातानं. बोटाला ‘टक्’ असं जाणवलं की आटा जागेवर पडला. मग सुलट. जोर लावावा लागला तर थांबा, काढा, पुन्हा उलट्यापासून.

एवढं करूनही धूसर आलं तर मागचं दार उघडून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवलं तोवर उघडं राहतं) उघडं धरा, लेन्सचं छिद्र साडेतीनवर म्हणजे पूर्ण उघडं, फोकस अनंतावर. गच्चीवरून लांबचं काही धरा आणि भिंगातून कागद बघा. पूर्वी मी होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी धरायचो. २०२३ मध्ये विमानतळासाठी ती पाडली, आता मोबाइलचा टॉवर धरतो. कागदावर स्पष्ट आणि वरच्या काचेत धूसर असेल तर वरची, बघायची लेन्स बारीक स्क्रू सैल करून किंचित फिरवायची. खालचीला हात लावायचा नाही, फोटो तिच्यातून येतो. आणि आतला आरसा पुसू नका. त्याची चांदी काचेच्या वरच्याच बाजूला असते, घासली की गेली.

राहिला तो स्क्रू. पुढच्या पॅनेलचे चार स्क्रू लेदरखाली लपलेले असतात, आधी ते चारही आहेत का मोजा. तिथला नसेल तर आतला आहे, मग पुन्हा खोला, पर्याय नाही. ‘एकानं काय होतंय’ असं मीही एकदा म्हणालो होतो. नवशिका होतो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या रात्री एका फोटोग्राफरचा कॅमेरा घाईनं जोडला आणि उरलेला स्क्रू खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी गर्दीत पुढचं पॅनेल एका बाजूनं हललं. त्याच्या बाराच्या बारा फोटोंत मिरवणुकीतले नंदीध्वज एका कडेला स्पष्ट आणि दुसऱ्या कडेला पिठासारखे. पैसे तर परत दिलेच, पण तो माणूस पुढे दोन वर्षं दुकानासमोरून मान फिरवून जायचा.

तेव्हापासून मी इडलीपात्र वापरतो. प्रत्येक खोबणीत एका टप्प्याचे स्क्रू, काढले त्या क्रमानं. जोडताना शेवटच्या खोबणीपासून मागे यायचं. लांब आणि आखूड स्क्रू एकत्र ठेवू नका, आखूडच्या जागी लांब गेला तर तो आतल्या पात्यालाच टेकतो. जपानी कॅमेऱ्याच्या चौफुली स्क्रूला जपानी मापाचाच पेचकस लागतो. साधा फिलिप्स घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. नंतर घरचे ओरडतील, म्हणून इडलीपात्र वेगळं घ्या.

प्रश्न : याच मॉडेलचा प्रकाश मोजायचा मीटर चुकीचं दाखवतो, सेल नवा आहे.
– होटगी रोड

उत्तर : तुमचा सेल दीड व्होल्टचा असणार. हा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे आणि तो सेल आता बनत नाही. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या, १.४ व्होल्ट, चालून जातो. आकारानं लहान पडतो, भोवती रबराचं वायसर बसवा. त्याच्यावरचा स्टिकर काढला की सेल वापरला नाही तरी काही महिन्यांत संपतो, म्हणून चार आणून ठेवा.

प्रश्न : आजोबांचा आग्फा क्लिक थ्री दुरुस्त होईल का?
– बार्शी

उत्तर : बडोद्यात बनलेला हा डबा आहे, त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. शटरला एक स्प्रिंग आणि एक पत्रा. ब्रशनं धूळ झाडा, लेन्स कापडानं पुसा. त्याला १२० चा रोल लागतो, तो अजून मिळतो, बारा फोटो येतात. उन्हातच काढा.