कपाशीवरच्या बोंडअळीला बीटीची (जिवाणूच्या जनुकामुळं कपाशीत तयार होणाऱ्या विषाची) 'सवय' झाली, असं पेपरात लिहिलं तर चालेल का?

नाही. पारावर सगळे असंच बोलतात, पण बी.एस्सी.च्या पेपरात मार्क जातील. बीटीचं विष खाऊन अळी हळूहळू पक्की होत नाही, ती मरते. लाखांत एखादीत जन्मतःच वेगळं जनुक असतं. ती वाचते आणि पुढं तिचीच पिल्लावळ वाढते. हीच नैसर्गिक निवड.

खरी गंमत बोंडात आहे. आपली पऱ्हाटी (कपाशी) संकरित, बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं. म्हणून मेंडेलच्या ३:१ हिशेबानं एकेक बीटी जनुक चारपैकी साधारण एका सरकीत नसतंच. आणि गुलाबी अळी खाते सरकीच! अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्याही तिथं तगतात.

बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं यायचं, धुऱ्याच्या कडेनं लावायला. वाचलेल्या अळ्यांचे पतंग होतात, त्यांचा तिथल्या साध्या पतंगांशी संकर झाला की प्रतिकाराचं जनुक पिलांत दबून राहतं. आमच्या बाबांनी ते पाकीट गोठ्यात खोचून ठेवलं, उंदरांनी संपवलं. वरून फरदड (वेचणी झाल्यावरही तशीच ठेवलेली कपाशी) मार्चपर्यंत उभी. बीटी आलं २००२ मध्ये, दोन जनुकांचं २००६ मध्ये. २०१७ ला यवतमाळकडं हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी अन् किडकी सरकी.